जुलैत न वाळणारी घडी

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडच्या एखाद्या घरात ऐन जुलैत चुलीच्या वर बघा. धुराने काळ्या पडलेल्या बांबूवर शाळेचा गणवेश, टॉवेल, घोंगडं, सगळं ओलं लोंबत असतं. त्यातच एखाद्या परकराच्या आत, कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेताने, जुन्या सुती साडीची, पाळीत वापरायची एक घडी असते. धुऊन तीन दिवस झाले तरी हाताला दमटच लागते.

कापड वाळतं म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जातं. पण पावसाळ्यात खानापूरच्या घाटाकडच्या भागात हवाच बाष्पाने गच्च भरलेली. कापडातून जितके पाण्याचे रेणू बाहेर पडतात, जवळपास तितकेच हवेतून परत येऊन बसतात. दोरी, वारा आणि ऊन मिळालं तर थोडं तरी जमेल, पण पाळीचं कापड दोरीवर टाकायची सोय नाही. घडीवर घडी, वर परकर. आतली हवा हलतच नाही.

दमटपणाने काय बिघडतं? योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू आम्ल तयार करत असतात. त्यामुळे तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि उपद्रवी जंतूंना पाय रोवता येत नाहीत. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास. म्हणजे पाळीच्या दिवसांत हा आम्लाचा पहारा आधीच ढिला पडतो, त्यात दमट कापडात वाढलेली बुरशी आणि जिवाणू. ओडिशातल्या बायकांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कापड घरातच वाळवणाऱ्या आणि लपवून ठेवणाऱ्या बायकांमध्ये बुरशीचा संसर्ग जास्त आढळला. कापड वापरणं हा गुन्हा नव्हे, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. आधी थंड पाण्यात धुतलेलं (गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का बसतो), मग साबण, मग उन्हात कडक वाळलेलं सुती कापड चांगलंच. ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. घोळ लपवण्यात आहे.

मग पॅड? एक पॅड कात्रीने कापून बघा, मुलांनाही दाखवा. मधल्या कापसासारख्या थरातून साखरेसारखे बारीक कण पडतात. ते सोडियम पॉलीअक्रिलेट. ग्लासात थोडे टाकून पाणी ओता, बघता बघता जेली होते. साध्या पाण्यात हे कण स्वतःच्या वजनाच्या दोनशे-तीनशे पट पाणी धरतात. आता त्या जेलीवर चिमूटभर मीठ टाका, ती पाणी सोडायला लागते. रक्तात क्षार असतात, आणि तितक्या खाऱ्या पाण्यात हीच ताकद तीस-पन्नास पटीवर येते. तरीही पुरते, कारण अख्ख्या पाळीत सरासरी ३०-४० मिलीलीटरच रक्त जातं. म्हणजे चहाचा छोटा कप, तोही अर्धा. पोरींना ते बादलीभर वाटतं, कारण कुणी मोजून सांगितलेलंच नसतं.

कर्नाटक सरकारची 'शुचि' योजना २०१३-१४ पासून १० ते १९ वयाच्या मुलींना पॅड देते. मधे काही वर्षं पुरवठा बंद पडला होता, नंतर परत सुरू झाला. निपाणीत विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला दर महिन्याचं पाकीट परवडत नाही, तेव्हा फुकट पॅडचं मोल आहेच. पण पॅड हातात ठेवलं की मुलगी शाळेत टिकली, असं मात्र नाही.

हे दोघींनी तपासलंय. एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी नेपाळमधल्या चितवनला काही मुलींना मासिक पाळीचे कप (आत बसवून रक्त गोळा करणारे, धुऊन पुन्हा वापरायचे) दिले आणि बाकीच्यांशी तुलना केली. १८० दिवसांच्या शाळेत पाळीमुळे बुडालेले दिवस सरासरी ०.४, म्हणजे अर्धा दिवसही नाही. कप मिळाल्याने हजेरीत फरक पडला नाही. मुलींनी कप आवडीने वापरले, धुण्याचा वेळ वाचला, ती गोष्ट वेगळी. पाळीत पोटात कळा येतात त्या शरीरातच तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे, गर्भाशय आवळलं जातं म्हणून. त्यावर डॉक्टरला विचारून घेतलेली गोळी चालते, पॅड नाही.

दुसरा अभ्यास भारतातल्या शाळांचा. अंजली अदुकिया यांनी शाळेत संडास बांधल्यावर पटसंख्या कशी बदलते ते पाहिलं. लहान मुलांना कुठलाही संडास चालला. वयात आलेल्या मुलींचा पट मात्र त्यांच्यासाठी वेगळा संडास झाला तिथेच वाढला.

आता आपल्याकडचं गणित बघा. पाळी साधारण तेराव्या वर्षी येते. कर्नाटकात गावातली प्राथमिक शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल आठवीपासून. ज्या वर्षी न्हाण येतं त्याच सुमाराला मराठी शाळेतून उठून लांबच्या गावाला बसने जायचं. घरचे आधीच बिचकलेले, त्यात ही भर. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायका-मुलींना सरकारी बस फुकट झाली, तिकिटाची अडचण गेली. पण सकाळच्या बसने निघून संध्याकाळी परत येईपर्यंत एक पॅड बदलायला कडी, पाणी आणि टाकायला डबा लागतोच.

आपण 'कावळा शिवला' म्हणतो. कन्नडमध्ये पाळीला 'मुट्टु' म्हणतात, आणि मुट्टु म्हणजे स्पर्शही. सीमेवरून आपण इतकी वर्षं भांडतोय, पण विटाळाच्या बाबतीत दोन्ही भाषांनी एकाच अर्थाचा, शिवण्याचा, शब्द निवडलाय.

एका हायस्कुलात मी मुलींचा संडास पाहिला. बांधकाम चांगलं, फरशी, नळाला पाणी. पण दाराला कुलूप, आणि किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात. अडचणीच्या दिवशी सरांपुढे उभं राहून किल्ली मागायची कोण? पोरी दिवसभर पाणीच पीत नसत. मग एका बाईंनी त्यांना विचारलं, 'काय केलं तर बरं पडेल गं?' आता ती किल्ली नववीच्या वर्गात, दाराआडच्या खिळ्याला असते.