स्नायुबलाची आकस्मिक वाढ

ऐच्छिक स्नायूंची ताकद इतक्या कमी अवधीत वाढणे, की हाडे, कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्या), रक्ताभिसरण आणि चेतासंस्था यांना जुळवून घ्यायला वेळच मिळू नये, अशी अवस्था. एका रात्रीत ताकद दुप्पट झालेला माणूस प्रत्यक्षात कुणी पाहिलेला नाही. पण या अवस्थेच्या जवळ जाणारी उदाहरणे वैद्यकात बरीच आहेत आणि त्यांवरून परिणामांचा अंदाज चांगला बांधता येतो.

ताकदीचा काही भाग शरीर एरवीही राखून ठेवते. मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस या संशोधकांनी १९६१ मध्ये दाखवले, की अचानक पिस्तुलाचा बार ऐकवला किंवा स्वतः जोरात ओरडले, तर माणूस कोपर वाकवताना नेहमीपेक्षा जास्त जोर लावू शकतो. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकदही मुख्यतः चेतातंतूंच्या सुधारलेल्या संदेशांमुळे येते. स्नायू जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो.

स्नायूचा जोर आणि हातातले वजन यांत केवढी तफावत असते हे सहसा ध्यानात येत नाही. कोपर काटकोनात ठेवून १० किलोची भरलेली बादली धरली, की बादली कोपरापासून सुमारे ३५ सेंमी.वर असते, तर दंडाच्या बेटकुळीची कंडरा कोपरापासून जेमतेम ४-५ सेंमी.वर जोडलेली असते. तरफेच्या हिशेबाने त्या कंडरेवर सात-आठ पट, म्हणजे ७०-८० किलो वजनाइतका ताण येतो आणि सांध्यावरही जवळपास तेवढाच दाब पडतो. म्हणजे हातात वाढलेला प्रत्येक किलो आत सात-आठ किलोंनी वाढतो.

या साखळीत सर्वांत सावकाश बदलणारी कडी कंडरा. स्नायूला भरपूर रक्त मिळते, कंडरेला फार थोडे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये याचा सुरेख पुरावा दिला. १९५०-६० च्या दशकांतील अणुस्फोटांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो टाचेच्या कंडरेत किती आहे हे मोजल्यावर दिसले, की तिचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ तसाच राहतो. धावताना याच कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सुमारे बारा पटींपर्यंत ताण मोजला गेला आहे. आधीच एवढा भार पेलणाऱ्या दोरीला आणखी ओढ देणारा स्नायू अचानक मिळाला, तर फार काही शिल्लक उरत नाही. स्नायू वाढवण्यासाठी स्टेरॉइडे घेणाऱ्यांत कंडरा तुटण्याचे प्रमाण जास्त आढळते ते यामुळेच, असे मानायला जागा आहे. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन ज्या उंदरांत नसते, त्यांचे स्नायू भरदार असतात. कंडरा मात्र लहान, ताठ आणि ठिसूळ निघतात.

हाडांची कहाणी अधिक दुःखद आहे. १९३४ मध्ये लाडिस्लाउस मेडुना यांनी मानसिक आजारांवर औषधाने झटके आणण्याचा उपचार सुरू केला. १९३८ मध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी त्यासाठी वीज वापरली. झटक्यात स्नायूंवरचा सगळा आवर सुटतो. बाहेरून कुठलाही मार न बसता, केवळ पाठीच्या स्नायूंच्या ओढीने अनेक रुग्णांचे मणके चेपले गेले. १९४० मध्ये क्युरारे हे औषध देऊन स्नायू आधी शिथिल करण्याची पद्धत आली, तेव्हा हा छळ थांबू लागला. झटक्यात किंवा विजेच्या धक्क्यात खांदा मागच्या बाजूला निखळतो, तोही स्नायूंच्याच ओढीने: हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा बळकट असतात आणि दोन्ही एकदम आखडले की त्यांची सरशी होते. पंजा लढवताना दंडाचे हाड पिळवटून मोडते, तिथे प्रतिस्पर्ध्याच्या जोराइतकाच स्वतःचाही जोर कारणीभूत असतो.

हृदयावरचा भार वेगळ्या वाटेने येतो. आखडलेला स्नायू आपल्यातल्या रक्तवाहिन्या दाबतो, शिवाय माणूस श्वास कोंडून धरतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, दोन्ही पायांनी जड वजन ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. दम मात्र ताकदीबरोबर वाढत नाही, कारण तो हृदय आणि फुप्फुसे किती प्राणवायू पुरवतात यावर ठरतो.

जमिनीवरची पकडही वाढत नाही. वजन तेवढेच असल्याने अडलेली गाडी ढकलताना पाय घसरेल तो घसरेलच.

नियंत्रणाचा प्रश्न मात्र रोजच्या जगण्यात सर्वांत आधी जाणवेल. काचेचा पेला उचलताना बोटे तो निसटणार नाही इतपतच, किंचित जास्त, दाब देतात. हा अंदाज मेंदूने वर्षानुवर्षांच्या सरावाने बांधलेला असतो. स्नायू बदलले आणि संदेश जुनेच राहिले, तर पहिले काही पेले हातातच फुटतील. पुढे लहान मेंदू चुका मोजत नवा अंदाज बसवेल. हे काम कंडरेच्या मानाने फार लवकर होते.

निसर्गात या अवस्थेच्या सर्वांत जवळ पौगंडावस्थेतली मुले येतात. वर्ष-दोन वर्षांत स्नायू झपाट्याने भरतात, पण ते जिथे जोडलेले असतात त्या कूर्चेच्या वाढपट्ट्या अजून हाडाशी पक्क्या सांधलेल्या नसतात. मग शर्यतीत जोर लावताना किंवा चेंडूला लाथ मारताना मांडीचा स्नायू कटिभागाच्या हाडाचा तुकडाच उपटून काढतो. मुलाला 'टक्' असा आवाज आल्यासारखे वाटते आणि तो धावता धावता कोसळतो.