तोंडाने श्वास घेणारं मूल: एक्स-रे कुठे काढायचा, कागद कोणते लागतात?

मूल महिनोन्महिने तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, सकाळी उशीवर लाळेचा ओला डाग दिसतो. याला सवय म्हणून सोडून देऊ नका. नाकामागचं मांस (ॲडेनॉइड) वाढून वाट अडलेली असू शकते आणि ते तोंडात टॉर्च मारून दिसत नाही. त्यासाठी मानेचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे किंवा नाकातून दुर्बिणीची तपासणी करतात. दोन्हींतली कोणती, हे कान-नाक-घसा तज्ज्ञ ठरवतात. स्वतःहून सीटी स्कॅनचा आग्रह धरू नका. त्यात किरणं बरीच जास्त असतात. झोपेत श्वास मधेच थांबत असेल तर मात्र शाळेच्या तपासणीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतं. 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासली जातात. घोरणं दिवसा शाळेत कुणाला ऐकू येणार? म्हणून त्या दिवशी स्वतः जा, नाहीतर बाईंकडे चिठ्ठी द्या. पथकाने पुढे पाठवलं नाही तरी जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत थेट जाता येतं. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे असल्याने तिथे शुल्क विचारून घ्या.

एक्स-रेच्या खोलीत जाण्याआधी गळ्यातला ताईत, साखळी, कानातलं काढून ठेवा, नाहीतर त्यांची सावली नेमकी हव्या त्या जागेवर पडते. तोंड मिटून, नाकाने श्वास आत घेताना फोटो निघायला हवा. मूल रडलं किंवा गिळलं तर टाळू वर उचलली जाते, वाट आहे त्याहून अरुंद दिसते आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. घरी दोन दिवस ‘तोंड बंद, वास घे’ असा खेळ खेळा. लहानग्यांना तो छान जमतो. आई गरोदर असेल तर मुलाला धरायला दुसऱ्या कुणीतरी आत जावं.

शस्त्रक्रिया ठरली तरच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपयोगी पडते. नुसत्या ओपीडीतल्या एक्स-रेसाठी ती नाही. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. रेशनकार्ड, मुलाचं आणि पालकाचं आधार, जन्मदाखला, केसपेपर, एक्स-रेची फिल्म आणि अहवाल एका पिशवीत ठेवा. मुलाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसेल तर ते काम आजच हाती घ्या, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेसाठी मदत करणारे कर्मचारी, बसतात. मुलाची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आणि त्या रुग्णालयात होते का, हे दाखल होण्याआधी त्यांनाच विचारा. पूर्वमंजुरीसाठी रुग्णालय हेच अहवाल ऑनलाइन पाठवतं, त्यामुळे फिल्म दुमडू नका आणि मूळ प्रत कुणाकडे सोडून येऊ नका. मंजुरीनंतरही पैसे मागितले तर पावती घ्या आणि योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.