शेगडी धुमसते तेव्हा

न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, अनुमान शिकवताना पहिलं उदाहरण येतं ते डोंगरावरच्या धुराचं. धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. पण उलट्या दिशेने हे चालत नाही, असंही त्या शास्त्राने बजावून ठेवलंय. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. आगीतून धूर निघायचा तर आणखी एक अट लागते. नैयायिकांनी तिला नाव दिलं ‘आर्द्रेन्धनसंयोग’, म्हणजे ओल्या जळणाशी गाठ. लाकडावर चालणारी बंद शेगडी नीट पेटत नाही, तिची काच काळी पडते, दार उघडलं की खोलीत धूर येतो, अशी तक्रार ऐकली की मला आधी हाच शब्द आठवतो.

पेटलेल्या लाकडाकडे निरखून पाहिलं तर ज्योत त्याला चिकटलेली दिसत नाही. दोघांमध्ये बारीक फट असते, कारण ज्योतीत जळतो तो लाकडातून निघालेला वायू. लाकूड तापू लागलं की १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी पाणी वाफ होऊन निघतं. साधारण २०० अंशांच्या पुढे लाकडाचे रेणूच तुटू लागतात आणि डांबराची वाफ, मिथेन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असं मिश्रण बाहेर पडतं. कोरड्या लाकडाचं सुमारे तीन चतुर्थांश वजन असं हवेत जातं, मागे कोळसा उरतो. हे मिश्रण पुरतं जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान आणि पुरेशी हवा एकाच जागी मिळावी लागते. तसं झालं नाही तर ते वर जाऊन थंड होतं आणि त्याचे सूक्ष्म थेंब आपल्याला धूर म्हणून दिसतात. मेणबत्ती फुंकून विझवावी आणि वर चढणाऱ्या धुराच्या रेघेला लगेच काडी लावावी. ज्योत त्या रेघेवरून खाली उतरून वात पुन्हा पेटवते. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं जळण.

ओल्या लाकडाने नेमकं काय बिघडतं? पाण्याची वाफ करण्यात उष्णता वाया जाते, असं सहसा सांगतात. ते खरंच आहे, पण हिशेब करून पाहू. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. अशा १० किलो सरपणात ५ किलो पाणी आणि ५ किलो सुकं लाकूड आलं. एक किलो पाणी २० अंशांवरून तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे ५ किलोला १३. तेवढं सुकं लाकूड पुरतं जळलं तर ९० मेगाज्यूलच्या आसपास देतं. तोटा झाला सातव्या हिश्श्याचा. मग शेगडी निम्म्याहून कमी तापल्यासारखी का वाटते? कारण खरा तोटा या हिशेबात दिसतच नाही. पाणी निघत असेपर्यंत लाकडाचा गाभा १०० अंशांच्या पुढे सरकत नाही आणि निघणारी वाफ ज्योतीला थंड करते. शेगडीच्या पोटातलं तापमान ६०० अंशांच्या खाली राहिलं की वायू न जळताच धुराड्यात जातो, आणि लाकडातली बरीचशी ऊर्जा तर त्या वायूतच असते.

म्हणून शेगडीत काही बदलण्याआधी लाकूड तपासावं. पाण्याचं प्रमाण एकूण वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण त्याच्या सुया सालीवर किंवा जुन्या टोकावर टोचल्या तर ते हमखास फसवतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर मोजायचं. ही यंत्रं बहुधा पाण्याची तुलना फक्त सुक्या लाकडाशी करतात, त्यामुळे यंत्रावरचे २५ टक्के म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के. यंत्र नसेल तर दोन फाटे एकमेकांवर आपटून पाहावेत. सुके खणखणतात, ओल्यांचा बद्द आवाज येतो. शेगडीत घातल्यावर टोकांना फेस आला, चरचर ऐकू आली, तर वेगळी परीक्षा घ्यायला नको.

वरून सुकलेलं लाकूड आतून ओलं कसं राहतं, यालाही कारण आहे. पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी आधी आणि तुलनेने लवकर जातं. प्रमाण सुक्या लाकडाच्या ३० टक्क्यांच्या आसपास आलं की उरतं ते पेशींच्या भिंतींना धरून बसलेलं पाणी, आणि ते सावकाश सुटतं. पाणी तंतूंच्या दिशेने सहज वाहतं, साल मात्र त्याला अडवते. म्हणून तोडल्याबरोबर आखूड तुकडे करून फोडून ठेवावेत. जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळेल असे रचावेत. जड, कठीण लाकडाला यानंतरही एक-दोन वर्षं लागू शकतात.

लाकूड सुकं असूनही शेगडी धुमसत असेल, तर नजर धुराड्याकडे न्यावी. शेगडी स्वतः हवा ओढत नाही, धुराडं ओढतं. धुराड्यातली हवा तापून हलकी होते, बाहेरची थंड आणि जड हवा तिला खालून ढकलते. ५ मीटर उंचीचं धुराडं, आत २०० अंश आणि बाहेर २० अंश धरले, तर दाबातला फरक येतो जेमतेम २२ पास्कल. वातावरणाच्या दाबाचा हा साडेचार हजारावा हिस्साही नाही! आतला वायू सरासरी ६० अंशांवर आला तर तो ७ पास्कलवर उतरतो. इतक्या नाजूक ओढीवर सगळा कारभार चालतो, म्हणून क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी तिला मोडतात. काजळीने बुजलेली टोपीची जाळी, पाखराचं घरटं, आडवा गेलेला लांब पाइप, फार रुंद नळी, जोडातून आत शिरणारी थंड हवा. बेंजामिन फ्रँकलिनलाही हे चुकलं नाही. १७४० च्या दशकात त्याने केलेल्या शेगडीत धूर आधी खाली वळवून मग धुराड्यात सोडला होता, म्हणजे त्यातली जास्त उष्णता खोलीला मिळेल. पण त्या वळणात धूर इतका निवायचा की पुढे चढायला त्याच्यात जोरच उरत नसे.

तक्रार केव्हा होते, यावरूनही बरंच कळतं. फक्त पेटवताना धूर येत असेल तर धुराड्यात थंड हवेचा खांब उभा आहे. कागदाचा पिळा धुराड्याच्या तोंडाशी आधी जाळला की तो उठतो. महिनोन्‌महिने हळूहळू बिघडत गेलं तर काजळी साचली आहे. एखाद्या दिवशी छान आणि एखाद्या दिवशी वाईट असं होत असेल, तर जवळची खिडकी थोडी उघडून पाहावी. काही मिनिटांत आग खुलली तर घरालाच हवा कमी पडतेय. भिंतीतला हवा बाहेर फेकणारा पंखा त्या २२ पास्कलवर सहज मात करू शकतो.

एकच जाडजूड ओंडका घालून हवेची झडप वळवत बसण्यात अर्थ नाही. एकटं लाकूड आपली उष्णता चहूकडे फेकतं आणि विझतं. दोन-तीन फाटे बोटभर अंतरावर ठेवले तर ते एकमेकांना तापवत राहतात आणि मधल्या फटीत वायूला आच व हवा दोन्ही मिळतात. जाळी असेल तर तिच्याखालची राख काढावी, नाहीतर निखाऱ्यांचा श्वास कोंडतो.

रात्रभर पुरावं म्हणून हवा जवळजवळ बंद करून ठेवायची सवय मात्र मला धोक्याची वाटते. शेगडी तेव्हा डांबर गाळणारी भट्टी होते. ते डांबर धुराड्याच्या भिंतींवर गोठतं आणि एखाद्या दिवशी पेटलं तर आतलं तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकतं. त्याच कोंडलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट धरतो. धूर खोलीत येणारी शेगडी दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, आणि या वायूची सूचना देणारं यंत्र खोलीत असावंच.

दुरुस्ती साधली का, हे बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडे पाहिलं की कळतं. पेटवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीही निळसर-करडा धूर रेंगाळत असेल, तर वायू अजून न जळता जातोय. आग नीट लागली की तिथे फक्त हवा थरथरताना दिसते. थंडी असेल तर टोकाशी पांढरी वाफ निघते आणि थोड्याच अंतरावर विरून जाते.