काळ्या पडलेल्या चांदीचे इलेक्ट्रॉन गेले कुठे?

गणपती जवळ आले की चांदीची निरांजनं, पंचपात्री बाहेर निघतात आणि काळवंडलेली दिसतात. मग रांगोळी नाहीतर टूथपेस्ट घेऊन घासाघाशी सुरू होते. पण तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. ते सिल्व्हर सल्फाइड, म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग आहे आणि त्याच्या वजनात जवळजवळ ८७ टक्के चांदीच असते. घासून आपण तीच गटारात घालवतो.

हवेत हायड्रोजन सल्फाइड हा हायड्रोजन आणि गंधकाचा वायू अगदी थोडा असतो. त्याच्या संगतीत चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि त्याचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले (+) किंवा मिळवले (−) याचा आकडा, ० वरून +१ होतो. इलेक्ट्रॉन गमावणं हे ऑक्सिडीकरण, मिळवणं हे क्षपण. एकाने गमावला की दुसऱ्याने तो घेतलेलाच असतो.

मग इथे घेतला कोणी? गंधकाने, असंच कुणालाही वाटेल. अंक मांडून बघू. हायड्रोजन सल्फाइडमध्ये दोन हायड्रोजन, प्रत्येकी +१. रेणूवर एकूण भार नसतो, म्हणून अंकांची बेरीज शून्य व्हायची तर गंधक −२. सिल्व्हर सल्फाइडमध्ये दोन चांदी, प्रत्येकी +१. गंधक पुन्हा −२! म्हणजे गंधकाला काहीच मिळालं नाही. इलेक्ट्रॉन नेले हवेतल्या ऑक्सिजनने. तो ० वरून −२ वर आला आणि हायड्रोजनला धरून पाणी झाला. काळ्या थरात त्याचा मागमूसही नसतो. हे अंक म्हणजे अणूवरचा खरा विद्युतभार नव्हे, नियमाने मांडलेला हिशोब आहे. तरी न दिसणारा भिडू तो असा नेमका पकडून देतो. रसायनशास्त्रातलं मला हे फार आवडतं.

गेलेले इलेक्ट्रॉन चांदीला परतही देता येतात. पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, कढत पाणी आणि खाण्याचा सोडा घाला आणि निरांजन फॉइलला टेकेल असं ठेवा. टेकणं महत्त्वाचं, कारण इलेक्ट्रॉन धातूतूनच पलीकडे जातात. सोड्यामुळे फॉइलवरचा ऑक्साइडचा पापुद्रा सुटतो. अ‍ॅल्युमिनियमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देऊन +३ होतो, म्हणून एक अणू चांदीच्या तीन अणूंना पुरतो. चांदी +१ वरून ० वर येते. गंधक −२ वरच राहतो. सडक्या अंड्याचा हलका वास येतो तो त्याच्याच हायड्रोजन सल्फाइडचा, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

खडे, मोती जडवलेले दागिने यात घालू नका. आणि मुद्दाम काळी केलेली ‘ऑक्सिडाइज्ड’ चांदी तर नकोच, तिची सगळी नक्षी पांढरी पडेल.