चौथ्या लेव्हलचा हिरो

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र चालवायच्या खेळात, ‘हिरो’ हा शब्द शिरला तो कौतुक म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हा छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या मध्ययुगीन लढायांचा नियमसंच काढला. त्याच्या फँटसी पुरवणीत हिरो म्हणजे एकटा चार जणांइतका लढणारा मोहरा. त्याला मारायचं तर एकाच फेरीत चार फटके बसायला हवेत. तीनच बसले तर गडी पुढच्या फेरीत पुन्हा ठणठणीत. सुपरहिरो आठ जणांना भारी. तो सज्जन आहे की लुटारू, याच्याशी त्या व्याख्येला काही देणंघेणं नव्हतं.

गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोल-प्लेइंग गेममध्ये हेच आकडे लेव्हलमध्ये, म्हणजे पात्राच्या चढत्या पायऱ्यांमध्ये, जाऊन बसले. लढवय्या पहिल्या लेव्हलला ‘व्हेटरन’, चौथ्याला ‘हिरो’ आणि आठव्याला ‘सुपरहिरो’. हिरो ही पदवी होती आणि ती मिळायला 8,000 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागत.

तिथवर जगणंच मुश्कील. पहिल्या लेव्हलच्या लढवय्याचे हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसायची ताकद, सहा बाजूंचा एक फासा अधिक 1. शत्रूच्या हत्याराचं नुकसानही तसाच एक फासा. म्हणजे एक घाव लागला की मरण्याची शक्यता 36 पैकी 15, साधारण 42 टक्के. जादूगाराला तो अधिकचा 1 नसे, त्यामुळे त्याची 36 पैकी 21. शून्यावर आला की संपला, कागद फाडा आणि नवं कॅरेक्टर करा. त्यात एक्सपी मुख्यतः खजिन्याचे, एका सोन्याच्या नाण्याला एक. याच गेमच्या 1981च्या बेसिक संचात एक ऑर्क (साधा राक्षस) मारून मिळतात 10 एक्सपी. नुसत्या कत्तलीवर एकट्याने हिरो व्हायचं तर 800 ऑर्क हवेत. त्यापेक्षा ऑर्कना चकवून पेटी उचललेली परवडते. जुने नियम आज हौसेने काढून बसणारे नेमके इथे फसतात: दार उघडलं की तलवार उपसून आत घुसतात आणि तासाभरात निम्मा गट गारद होतो. हे नियम शौर्याचे नाहीत, धूर्तपणाचे आहेत.

ऐंशीच्या दशकात रोख बदलला. मोठं धाडस करायचं आणि एका वाईट फाशाने मरायचं नाही, म्हणून नायकत्व खर्च करता येईल असं चलन झालं. 1983च्या जेम्स बाँड गेममध्ये हिरो पॉइंट देऊन यशाची प्रत वाढवता येई. 1986च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’त उंदीर पकडणारासुद्धा नायक होऊ शके. नक्की मरणार असं दिसलं की फेट पॉइंट द्यायचा. जीव वाचतो, पॉइंट कायमचा जातो. नैतिकतेची अटही याच काळात आली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या 1984च्या मार्व्हल गेममध्ये नायकाने जीव घेतला की साठवलेला सगळा कर्मा, म्हणजे त्या गेममधले खर्चायचे गुण, शून्य. 1987च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये फोर्स पॉइंट दिला की त्या फेरीपुरते फासे दुप्पट. तो मोक्याच्या क्षणी, निःस्वार्थ कामासाठी वापरला तर शेवटी परत मिळतो, वर एक जास्तीचा. साधा जीव वाचवायला वापरला तर गेला.

ग्रेग स्टॅफर्ड यांचा राजा आर्थरच्या नाइटांवरचा ‘पेंड्रॅगन’ (1985) मात्र सगळ्यांपेक्षा वेगळ्या वाटेने गेला, आणि माझ्या मते या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक नियम त्याचाच. तिथे स्वभावाच्या 13 जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज 20. समजा, शूर 15 आणि भित्रा 5. परीक्षेची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा; 15 किंवा कमी आलं तर नाइट उभा राहतो. जास्त आलं तर पुन्हा टाकायचा, या वेळी भित्र्याच्या आकड्यावर. 5 किंवा कमी आलं तर खेळाडूची इच्छा असो वा नसो, नाइट कच खातो. सोळा प्रसंगांत सरासरी एकदा.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2008च्या चौथ्या आवृत्तीत ‘हिरोइक’ हे पहिल्या ते दहाव्या लेव्हलच्या टप्प्याचंच नाव झालं. जी पदवी चौथ्या लेव्हलला मिळायची, ती आता कॅरेक्टर बनवतानाच हातात. शत्रूंमध्ये एकेका हिट पॉइंटचे ‘मिनियन’ आले, म्हणजे कापाकापीची सोय झाली. 2014च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर मरण नाही. पडलेल्याने दर फेरीला वीसचा फासा टाकायचा, 10 किंवा वर म्हणजे यश. तीन यशं आली की जीव स्थिर, तीन अपयशं आली की मृत्यू. अडचण अशी की मित्राने एक हिट पॉइंट जरी भरून दिला तरी पडलेला उठून लढतो, बाकी काही दंड नाही. त्यामुळे ड्रॅगनपुढे उडी मारण्याची किंमतच उरत नाही.

त्याच आवृत्तीतलं इन्स्पिरेशन, म्हणजे फासा टाकताना फायदा देणारं बक्षीस, बऱ्याच टेबलांवर पडून राहिलं. एका वेळी एकच बाळगता येतं आणि फासा टाकण्याआधी खर्च करावं लागतं, म्हणून खेळाडू जपून ठेवतात. ते द्यायचं डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आणि तो लढाईच्या गडबडीत विसरतो. 2024मध्ये त्याचं ‘हिरोइक इन्स्पिरेशन’ झालं: फासा पडल्यावर पुन्हा टाकता येतो. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या फँटसी गेमच्या दुसऱ्या आवृत्तीचा तोडगा (2019) मला जास्त पटतो. प्रत्येक सेशनला एक हिरो पॉइंट आपोआप, कमाल तीन, आणि उरलेले पुढच्या सेशनला नेता येत नाहीत. साठवून उपयोग नाही म्हटल्यावर लोक वापरतात.

उलटा प्रवाहही आहेच. 2012च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये प्रत्येक खेळाडू शून्य लेव्हलचे तीन-चार गावकरी घेऊन बसतो. हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशावर, हातात दंताळं नाहीतर कोंबडी. पहिल्या मोहिमेत बहुतेक मरतात. जो 10 एक्सपीपर्यंत तग धरतो, त्याला पहिली लेव्हल मिळते.