अबोलीचा वाफा आणि जांभ्याची माती

कोकणातल्या अंगणात जूनमध्ये अबोली, मोगरा, झेंडू जोमाने वाढतात आणि श्रावण संपता संपता पानं पिवळी पडू लागतात. आपण म्हणतो, खत कमी पडलं. पुष्कळदा खत पुरेसं असतं, ते धरून ठेवणं मातीला जमत नाही.

किनाऱ्यालगत वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. युगानुयुगं पडणाऱ्या अशा पावसाने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. मागे उरली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. हाच आपला जांभा. त्याच्या मातीतला चिकण अंश मुख्यतः केओलिनाइट या खनिजाचा असतो. कॅल्शियम, पोटॅशियम यांच्या आयनांवर धनभार असतो आणि माती त्यांना आपल्या ऋणभाराने धरते. किलोभर केओलिनाइट असे जेमतेम ३ ते १५ सेंटीमोल (हे भार मोजायचं एकक) भार धरतं. देशावरच्या काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट ८० ते १२०, आणि कुजून तयार झालेला ह्यूमस २०० च्या आसपास! आपल्याला कंपोस्टची गरज देशावरच्यांपेक्षा जास्त आहे ती यासाठी. शिवाय जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तिच्यातलं लोह-ॲल्युमिनियम फॉस्फरसला घट्ट बांधून ठेवतं आणि फुलं कमी येतात. कंपोस्ट कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्लं फॉस्फरस जिथे बांधला जातो त्या जागा अडवतात, मग थोडा फॉस्फरस मुळांसाठी मोकळा राहतो.

इतकी गरज असताना फाल्गुन-चैत्रात घरोघरी पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, जाळला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जाळल्यावर त्यातला कार्बन आणि बहुतेक नायट्रोजन हवेत जातो. राखेत पोटॅश उरतं, पण पहिल्या सरींनी तेही वाहून जातं.

आंब्या-काजूची पानं चिवट, लिग्निन आणि टॅनिनने भरलेली, त्यामुळे नुसता पातेरा लवकर कुजत नाही. जिवाणूंना साधारण ३० भाग कार्बनमागे १ भाग नायट्रोजन लागतो. म्हणून पानं चुरडून त्यात कुंपणावरच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला, शेण, भाजीची देठं मिसळावीत. ढीग मीटरभर उंच आणि तेवढाच रुंद असला की आतली उष्णता टिकते. तापमान ५५ ते ६५ अंशांवर गेलं की तणाचं बी बरंचसं मरतं. अधूनमधून ढीग वरखाली करावा आणि पावसाळ्यात वर छप्पर हवंच. नारळाची सोडणं मात्र ढिगात घालू नयेत, ती फारच सावकाश कुजतात.

एकदा खत घालून वर्षानुवर्षं निभावत नाही. उष्ण, दमट हवेत ह्यूमससुद्धा लवकर विघटित होतो. जूनच्या तोंडावर सगळं खत ओतण्यापेक्षा लागवडीच्या वेळी थोडं मिसळावं आणि गणपतीनंतर, पावसाचा जोर ओसरला की दोन बोटं जाडीचा थर द्यावा. त्यावर सोडणं किंवा सुका पातेरा पसरला की थंडीतही ओल टिकते.