काठीच्या टोकाकडे बघू नका

नांदेडात होळीला आणि दसऱ्याला शिखांची हल्लाबोलची मिरवणूक निघते, तेव्हा गतका, म्हणजे त्यांचा काठी-तलवारीचा खेळ, बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी लोटते. गर्दीची नजर सोटीच्या टोकावर खिळलेली असते. मुरलेल्या खेळाडूची नजर मात्र तिथे नसते. मराठवाड्यातल्या गावोगावच्या लाठीकाठीतही वस्ताद हेच ओरडत असतात: छातीकडं बघ, खांद्याकडं बघ! हा नुसता दरारा नव्हे, यामागे साधं गणित आहे.

दीड मीटरची, म्हणजे साधारण पाच फुटांची लाठी मधोमध धरून सेकंदाला दोन फेरे फिरवली, तर तिच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे साडेनऊ मीटर, म्हणजेच ताशी ३४ किलोमीटर होतो. डोळ्यांना दिसलं, मेंदूने ठरवलं आणि हात हलला, एवढ्याला किमान ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात टोक पावणेदोन मीटरहून जास्त अंतर कापून गेलेलं असतं. टोक बघून हात उचलणाऱ्याला वार आधीच बसलेला असतो.

पण काठी आपणहून हलत नाही. तिच्याआधी मनगट, त्याआधी कोपर, त्याआधी खांदा आणि सगळ्यांत आधी कंबर नि पाय हलतात. पुढच्या पायावर वजन आलं, खांदा किंचित वळला, की वार कुठून येणार हे ठरून गेलेलं असतं. ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि डेव्हिड रसेल यांनी १९८७ साली बॅडमिंटनपटूंवर असाच प्रयोग केला. फटक्याची चित्रफीत मध्येच तोडायची आणि फूल कुठे पडेल ते विचारायचं. नवख्यांना फक्त रॅकेटवरून अंदाज येत होता, कसलेल्या खेळाडूंना मात्र रॅकेट धरलेल्या हातावरूनही येत होता. वस्तादांनी हे कुठल्या नियतकालिकात वाचलेलं नाही, आणि त्यांना त्याची गरजही पडलेली नाही.

आता काठीविषयी. नवशिक्याला आधी काठी मधोमध धरून फिरवायला लावतात, टोकाला धरून नाही. सारख्या जाडीच्या काठीला टोकाशी धरून फिरवायला मधोमध धरून फिरवण्याच्या चौपट जड जातं. काठीचं वजन तेवढंच, पण ते हातापासून लांब गेलेलं असतं. वार मात्र टोकाशी धरूनच करतात, कारण तिथे पल्ला मिळतो. त्यातही मेख आहे. पकडीपासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर फटका बसला तर हाताला झटका जवळजवळ बसत नाही. त्याच्या अलीकडे-पलीकडे बसला की बोटांत झिणझिण्या येतात. बॅटच्या मधल्या भागावर चेंडू बसला की हाताला कळतही नाही, तसंच हे.

लाठी वेळूची का, याचंही उत्तर वेळूच्या पोटात आहे. त्याचे चिवट तंतू बाहेरच्या अंगाला दाट आणि आत विरळ असतात. वाकताना सगळ्यांत जास्त ताण बाहेरच्या थरावरच येतो, आणि नेमका तोच भक्कम असतो. कोरड्या, उथळ जमिनीत वाढणाऱ्या नर बांबूची खोडं तर बऱ्याचदा भरीवच निघतात. अशीच खोडं लाठीसाठी निवडतात.

इथवर पदार्थविज्ञान झालं. पण स्वसंरक्षण म्हटलं की प्रश्न वेगळा होतो, आणि इथे माझं मत जरा तिखट आहे. २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर शंभर मुली 'एक, दोन, तीन, चार' या तालावर काठ्या फिरवतात. ते बघायला देखणं असतं, पण ते स्वसंरक्षण नव्हे. १९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी दाखवलं, की एकच हालचाल ओळीने घोटली की सरावात ती छान जमते, पण दहा दिवसांनी तपासलं तर हालचाली उलटसुलट क्रमाने शिकलेलेच पुढे असतात. समोर जोडीदार हवा, आणि पुढचा वार कुठून येणार ते आधी ठाऊक नसायला हवं. शिवाय भीतीने छाती धडधडू लागली की बोटांची नाजूक कामं बिघडतात, नजर अरुंद होते. म्हणून वीस डावांपेक्षा दोन-तीन ढोबळ डाव पक्के असलेले बरे.

आणि डावसुद्धा शेवटचे. २०१५ साली कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बारा तासांचं प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी वर्षभरात ५.२ टक्के मुलींवर बलात्कार झाला, फक्त माहितीपत्रकं मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ९.८ टक्के होतं. त्या बारा तासांत हातापायाचे डाव थोडेच होते. जास्त वेळ गेला तो धोका वेळेवर ओळखण्यात आणि समोरचा ओळखीचा असला तरी संकोच मोडून ठाम 'नाही' म्हणण्यात. खांदा बघून वार ओळखणं आणि वागणं बघून माणूस ओळखणं, दोन्हीकडे कमाई आधी हेरण्यातच आहे.

शिस्तीचं काय? सलामी, पाळी येईपर्यंत थांबणं, आखाड्यातली माती कपाळाला लावणं, हे सगळं वेळखाऊ वाटतं आणि नव्या क्लासांत पहिल्यांदा तेच गळतं. १९८६ मध्ये मायकेल ट्रुल्सन यांनी गुन्हेगारीकडे झुकलेल्या ३४ मुलांवर सहा महिने प्रयोग केला. ध्यान, आदर, संयम यांसकट पारंपरिक तायक्वांदो शिकलेल्यांची आक्रमकता कमी झाली. नुसती मारामारीच शिकलेल्यांची उलट वाढली. मुलं थोडीच होती, त्यामुळे फार ताणून अर्थ काढू नये. पण २००४ मध्ये लेक्स आणि हॉइट यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना तीन महिने तायक्वांदो शिकवून पाहिलं, तेव्हाही स्वतःवरचा ताबा नेहमीच्या व्यायामाच्या तासापेक्षा अधिक सुधारला.

समग्र शिक्षा योजनेतलं सरकारी शाळांतल्या मुलींचं आत्मरक्षा प्रशिक्षणही तीनच महिन्यांचं असतं. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, आणि त्यांच्या मुलींचं शिक्षण तिथेच अडतं. म्हणून हे तीन महिने जुलैपासून धरावेत, ऐन हंगामात नकोत. सगळे तास सलग पंधरवड्यात उरकण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस धरले तर अंगात जास्त मुरतं. आणि निदान निम्मा वेळ जोडीने सराव व्हावा, काठी हातात असो वा नसो.